साडूच्या घरची टाकी

अरविंदच्या वास्तुशांतीला पंढरीनाथ दोनदा बासुंदी घेऊन जेवला, पण त्यातलं काही अंगी लागलं नाही. घरी येऊन त्याने ओवा खाल्ला, गरम पाणी प्यायला, खिडकीत उभं राहून ढेकर काढायची खटपट केली. सुनंदा म्हणाली, "बासुंदी बाधली तुम्हाला." बासुंदी नव्हती बाधली. बाथरूम बाधलं होतं.

सुदामानगरच्या मागे नवीन झालेल्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाथरूमला थेट छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स आणि भिंतीवर गीझर. अरविंद आल्यागेल्या प्रत्येकाला आत नेऊन बटण दाबून दाखवत होता. "हात लावून पहा ना, लावून पहा!" पंढरीनाथला त्याने दोनदा नेलं. दुसऱ्यांदा पंढरीनाथ म्हणाला, "इंदोरात कशाला लागतो हा गीझर? थंडी असून असून किती असते?" त्यावर अरविंद नुसता हसला. "बरोबर आहे दादा तुमचं. पण कुमुदला हौस."

हा अरविंद त्याचा साडू. सुनंदाची धाकटी बहीण कुमुदिनी त्याला दिलेली. आणि ते लग्न जमवलं कोणी? खुद्द पंढरीनाथने. खरी ठसठस तिथेच होती.

मिल चालू होती तेव्हा पंढरीनाथ फोल्डिंग खात्यात कापड तपासायचा. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यावरून त्याचं बोट. सुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा, त्या बोटातून काही निसटायचं नाही. खोट दिसली की लाल खडूची रेघ ओढायची आणि थान, म्हणजे अख्खा तागा, बाजूला. त्याच्या सहीशिवाय गठ्ठा खात्याबाहेर जात नसे. अरविंद तिथेच गठ्ठे बांधायला होता. काटकुळा, खालमानेचा पोरगा. पंढरीनाथला साहेब म्हणायचा आणि दुपारी त्याच्याच डब्यातली लसणाची चटणी खायचा. पंढरीनाथ त्याला महूला सासऱ्यांकडे घेऊन गेला, "पोरगा साधा आहे पण वळणाचा आहे," म्हणाला, आणि काम झालं.

मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. फाटकाला कुलूप. पंढरीनाथ म्हणाला, असले बंद लई पाहिले, उघडेल. तो रोज फाटकावर जायचा, सभेत पुढे बसायचा, घोषणा द्यायचा. अरविंद थोडे दिवस आला आणि मग दिसेनासा झाला. कळलं ते असं, की पठ्ठ्या भल्या पहाटेची बस धरून पीथमपूरला जातो. तिथे माळावर नवे नवे कारखाने उठत होते. आधी हमाली केली, मग स्टोअरमधे लागला, मग स्टोअरचा इनचार्ज झाला. पंढरीनाथची मात्र फाटकावर बसून बसून दाढी पिकली, तेव्हा कुठे त्याने कापड मार्केटात एका सेठच्या गादीवर गिऱ्हाइकांपुढे थान उलगडायची नोकरी धरली. मिल उघडली नाही, मिलकडचं देणंही आलं नाही. आलं ते सगळं अरविंदकडे. स्कूटर आली, रंगीत टीव्ही आला, कुमुदिनीच्या पाटल्या आल्या. एवढं काय, मिल मेली तरी अनंत चतुर्दशीला मिलवाले आपली झांकी, दिव्यांचा चित्ररथ, काढायचे, इंदोरची ती रीतच, तर तिच्या चंद्याच्या वेळी माइकवर अरविंदचं नाव आधी पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. पाठोपाठ पंढरीनाथचं नाव आलं तेव्हा माइकच घरघरला.

आणि आता हे बाथरूम.

पंढरीनाथ राहायचा छत्रीबागेत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लग्न होऊन सुनंदा इथेच आली, मुलगी इथेच जन्मली आणि इथूनच लग्न होऊन देवासला गेली. भाडं नाममात्र. मालक पांडुरंगकाका खाली एकटे राहायचे. वास्तुशांतीनंतर थोड्याच दिवसांत ते जिना चढून आले, धापा टाकत टेकले आणि म्हणाले, "पंढरी, मी चाललो मुलाकडे पुण्याला. खालचं एकाने घेतलंय. वरचंही मागतोय तो, कपड्याचं गोदाम करायचं म्हणतो. पण मी म्हटलं, आधी तुला विचारतो, विकत घेतोस का. दसऱ्यापर्यंत जमव. त्याच्यानंतर माझ्या हातात काही नाही बाबा."

गोदाम! जिथे देव्हारा आहे तिथे साड्यांचे गठ्ठे. भाड्याने दुसरीकडे गेलं तर सेठच्या पगारात शहराबाहेर फेकलं जाणार आणि सुनंदाची शाळा सुटणार. घर घ्यायचं तर कर्ज लागणार. कर्ज मिळालंच तर सुनंदाच्या पगारावर, कारण ती शाळेत बाई होती आणि तिच्या पगाराला शिक्का होता. पंढरीनाथच्या पगाराला होती फक्त सेठची जीभ.

"अरविंदरावांना विचारा की," सुनंदा म्हणाली. "त्यांनी लोन कोणाकडून काढलं? कोणी एजंट होता म्हणे, सगळं त्यानेच करून दिलं."

"त्याला विचारू? मी?"

"मग मी विचारते."

"खबरदार! एजंट काय त्याच्या बापाचा आहे? इंदोरात लोनवाले ढिगाने पडलेत."

ढिगाने काही पडले नव्हते. पंढरीनाथने शोध घेतला तो असा, की सकाळी पोह्यांच्या गाडीवर सेव-जीरावण भुरभुरता भुरभुरता शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "पलासिया चले जाओ भिया, उदयसिंहजी." दाढी करताना न्हाव्याला विचारलं. त्याने वस्तरा थांबवून सांगितलं, "उदयसिंहजी." राजवाड्याजवळचा एक जण आधी पैसे टाका मग बोलू म्हणाला, त्याची चौकशी केली तर दुकानच बदलून गेलेलं. शेवटी सेठच्या मुनीमजींना विचारलं. त्यांनी नाकावरचा चष्मा वर केला. "अरे, पुराना मकान है ना? पुराने मकान की फाइल एक ही आदमी पास कराता है."

उदयसिंह पलासियात एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली बसायचा. वरच्या मजल्यांवर बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या. खाली जिन्याच्या उतरत्या छताखाली त्याचं टेबल, टेबलावर फोन. उंच माणूस, उठताना डोकं आपटू नये म्हणून नेहमी वाकून उठायचा. मिशा भरघोस. त्याने पंढरीनाथचं सगळं ऐकून घेतलं, घराचे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "हो जाएगा. टाइम लगेगा, पर हो जाएगा. अभी आपके ही एक मराठी भाई का करवाया. सुदामानगर तरफ. अरविंदजी. पीथमपुर में हैं. जानते होंगे?"

म्हणजे एवढा शोध केला तो त्याच्याच दारात यायला!

"नाही," तो म्हणाला. "मतलब, नहीं. इंदौर में कितने मराठी हैं, किस-किस को जानें."

"सही बात. तो मेरी फीस ऐसी है, आधी अभी, आधी चेक हाथ में आने के बाद. काम नहीं हुआ तो पहली आधी वापस. पूरे पलासिया में पूछ लो."

पंढरीनाथने रक्कम ऐकली. जास्त नव्हती. पण त्याला भलतंच खुपत होतं. "ते... वो जो सुदामानगरवाले थे, उनसे कितना लिया?"

"उतना ही. सबका एक भाव."

पंढरीनाथ विचारात पडला. कमी दिले तर अरविंदपेक्षा शहाणा ठरेन. पण कमी दिले तर काम अरविंदपेक्षा हलकं होणार, हेही आलंच. शेवटी तो म्हणाला, "मेरा सौ रुपया उनसे ज्यादा रखो."

उदयसिंह मिशांवर हात ठेवून बघत राहिला. घासाघीस करून उतरवणारे त्याने जन्मभर पाहिले होते. घासाघीस करून चढवणारा हा पहिलाच. "भिया, तबीयत ठीक है ना?"

"रखो बोला ना."

"रख लिया. अब दो जामीनदार चाहिए. पक्की नौकरीवाले."

घरी येऊन पंढरीनाथने सुनंदाला बजावलं, "जामीनदार कोणीही आण. मारुतीला उभा कर. पण तो पीथमपूरवाला नको. त्याच्या सहीवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

"शाळेतल्या दोघी बाई आहेत," सुनंदा म्हणाली. "मी बघते ते. तुम्ही यात पडू नका."

तो पडला नाही. उदयसिंहच्या टेबलावर जिथे बोट ठेवेल तिथे सही करून आला.

भादव्याचं ऊन तापलं होतं. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून कुमुदिनी महूला गेलेली. जाताना बहिणीकडे किल्ली देऊन गेली: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, कोणीतरी जाऊन टाकी भरायला हवी, हे तर सकाळी निघतात ते संध्याकाळी. सुनंदाला शाळा होती. सेठच्या घरी पूजा, म्हणून दुकान बंद. तेव्हा ते काम पंढरीनाथच्या गळ्यात पडलं.

कुलूप उघडून तो आत गेला. घर रिकामं. मोटर सुरू केली आणि मग काही काम उरलं नाही. तो सोफ्यावर बसला. उठला, दुसऱ्या बाजूला बसला. बाल्कनीत उभा राहिला. स्वयंपाकघरात ओट्यावरून बोट फिरवलं, सवयीने. कुठे खोट लागते का पाहिलं. लागली नाही. फ्रिज उघडला, गार हवा तोंडावर घेतली, बंद केला. शेवटी पाय बाथरूमकडे वळले. गीझरचं बटण बंद होतं. त्याने दाबलं. लाल दिवा लागला.

घामाने भिजलेला माणूस भर उन्हाच्या दुपारी कढत पाण्याने आंघोळ करतो का? पंढरीनाथने केली. अंग भाजत होतं, तरी बादलीवर बादली ओतली. हे सगळं माझ्या डब्यातल्या चटणीवर उभं राहिलेलं आहे, असं काहीसं मनात येत होतं आणि कढत पाण्यासारखंच आत उतरत होतं. तेवढ्यात घंटी वाजली. खुंटीवरचा टॉवेल गुंडाळून, वाफाळलेला, लालबुंद असा तो दारात गेला.

बाहेर एक जण बॅग घेऊन उभा. "अरविंदजी हैं?"

"ड्यूटी पे हैं. आप?"

"हाउसिंग से आया हूँ. कर्जे के मामले में थोड़ी पूछताछ है, रूटीन. आप कौन हुए उनके?"

"घर का ही आदमी हूँ."

"फिर तो अच्छा हुआ. नौकरी-वौकरी पक्की है ना इनकी? किश्तें टाइम पे जाती हैं?"

पंढरीनाथच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आणखी कर्ज! एक फ्लॅट पुरला नाही, आता प्लॉट घेतोय की काय? मी दोन खोल्यांसाठी जिन्याखालच्या माणसापुढे वाकतोय आणि हा इथे दुसरं घर उचलतोय. कुमुद महूला जाताना बोललीही नाही. लपवून करतात.

"नौकरी..." तो म्हणाला, आणि जिभेला कुणीतरी धागा बांधून ओढावं तसं पुढचं आलं. "अब आप घर आए हो तो झूठ क्या बोलूँ. पीथमपुर का क्या भरोसा भिया. आज है, कल नहीं. इनके यहाँ तो छँटनी की बात चल रही है."

"अच्छा? और किश्त?"

"किश्त की तारीख आई कि घर में कटकट. बाहर का भी देना होगा, लोग आते हैं माँगने." थांबावं असं वाटत होतं, पण उसवायला लागलेली शिवण मधेच कुठे थांबते? "दिखावा बहुत है. ये गीझर देख रहे हो? गरमी में भी चालू."

माणसाने मान हलवली, पाणी मागून प्यायला आणि गेला. इकडे वर टाकी भरून वाहू लागली होती. पंढरीनाथ मोटर बंद करायला धावला. त्या रात्री तो भाकरीवर भाकरी जेवला. सुनंदा म्हणालीसुद्धा, "आज बरी भूक लागली."

दसरा जवळ आला तसा एका संध्याकाळी उदयसिंह स्वतः छत्रीबागेत आला. जिना चढून आला तेव्हा इथेही सवयीने वाकला. सुनंदाने चहा ठेवला.

"भाभीजी, फाइल अटक गई," तो म्हणाला. "जामीनदार की रिपोर्ट खराब आई."

"कौनसी बाई की?" पंढरीनाथने विचारलं.

"बाई की नहीं. अरविंदजी की."

पंढरीनाथला आधी ऐकूच आलं नाही. मग त्याने सुनंदाकडे पाहिलं. ती चहा गाळता गाळता थांबली होती. "मीच गेले होते त्यांच्याकडे," ती म्हणाली. "शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या मिस्टरांनी ऐनवेळी नाही म्हटलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घर सोडलं असतं, पण सही घेतली नसती. अरविंदराव एका शब्दात हो म्हणाले. पण त्यांचं वाईट कोण बोलणार? त्यांचं तर कुणाशी वाकडं नाही."

"वही तो!" उदयसिंह म्हणाला. "किसी पड़ोसी ने भी नहीं. जाँचवाला लड़का बोल रहा था, घर का ही आदमी था, टावल लपेट के निकला और सब बोल गया. नौकरी जानेवाली है, उधारीवाले आते हैं. गीझर का भी कुछ बोला."

"टॉवेल?" सुनंदा म्हणाली. "त्यांच्याकडे कोण राहिलंय? कुमुद तर महूला..." आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं. गाळणं हातात तसंच धरून ती नवऱ्याकडे वळली. पंढरीनाथ जमिनीकडे बघत होता. कान कढत पाण्यातून काढल्यासारखे झाले होते.

"माझ्या बहिणीच्या घरात उभं राहून?" ती हळूच म्हणाली. "तिच्याच टॉवेलात?"

उदयसिंहने आधी याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या मिशा हलल्या. "अच्छा... जिनको आप जानते नहीं थे, वो आपके जामीनदार कैसे बने, तब से यही सोच रहा था! सौ रुपया ज्यादा किस बात का था, अब समझ में आया भिया. इतने साल हो गए इस धंधे में, अपनी ही फाइल को अपने हाथ से काटते किसी को नहीं देखा."

"दुसरा जामीनदार..." पंढरीनाथ कसाबसा म्हणाला.

"नया जामीनदार, नई जाँच. दशहरा निकल जाएगा. एक ही रास्ता है. जिसने बोला वो मैडम के सामने जाके वापस ले, और अरविंदजी साथ में हों. नई मैडम है, पूना की. सीधी है, पर पूछती सब है."

उदयसिंह गेल्यावर सुनंदा भांडली नाही. तिने ताट वाढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं, ते जरा वरूनच सोडलं. "घर गेलं तर मी कुमुदकडे जाऊन राहीन," एवढंच म्हणाली. "त्यांच्याकडे गरम पाणीही आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंढरीनाथ पीथमपूरची बस जिथे थांबते तिथे जाऊन उभा राहिला. अरविंद उतरला. हातात डबा, पाठीला घामाचं चांदणं. दादाला बघून त्याचा चेहरा आधी खुलला आणि मग चिंतेत पडला. "काय झालं? महूला सगळं ठीक ना?"

पंढरीनाथने सगळं सांगितलं. रस्त्याच्या कडेला, टेंपोच्या धुरात, खाली मान घालून. छँटनी सांगितली, उधारी सांगितली. काही गाळलं नाही. गाळलं असतं तर उद्या मॅडमने काढलंच असतं.

अरविंदने डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "गीझर तुम्ही चालू ठेवला होता?"

"काय?"

"त्या दिवशी घरी आलो तर गीझर चालू. मी महूला फोन लावून कुमुदला रागावलो, चालू ठेवून गेलीस म्हणून. ती रडली. तिचं म्हणणं, मी तर तीन दिवसांपासून इथे आहे! मला वाटलं, उलट बोलते." टेंपोवाला "सुदामानगर, सुदामानगर" ओरडत होता. "उद्या हाफ डे टाकतो," एवढं बोलून अरविंद टेंपोत चढला. वळून पाहिलं नाही. रागावला का, नाही, काही कळेना. पंढरीनाथला त्याचाही हेवा वाटला. आपण असतो तर रस्त्यात गळा धरला असता.

पलासियाच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर मॅडमची केबिन. प्राची नाव, वयाने पंढरीनाथच्या मुलीएवढी. उदयसिंह दाराशी उभा राहिला. इथे छत उंच होतं तरी तो थोडा वाकलेलाच. पंढरीनाथने रात्रभर हिंदीत तयारी केली होती: मैडम, मिस्टेक हो गई, गलतफहमी थी, आदमी पहचानने में चूक हुई. हिंदीत ते गुळगुळीत बसत होतं. पण मॅडमने फाइलवरचं नाव बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बसा काका. नेमकं काय झालं ते सांगा."

आणि त्याची हिंदी कुठल्या कुठे पळाली. मराठीत तो आईशी बोलला होता, सुनंदाशी बोलत होता. तिथे त्याला खोटं रचायची सवय नव्हती.

"मॅडम, हे माझे साडू," तो म्हणाला. "मी यांच्यावर जळतो."

अरविंद टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे?"

"म्हणजे जळतो. यांचं चांगलं झालं, ते मला बघवत नाही. मिल बंद पडली तेव्हापासून. मला वाटलं, हे आणखी घर घेतायत. म्हणून बोललो."

"मग तुम्ही जे सांगितलंत त्यात खरं किती?"

पंढरीनाथने प्रामाणिकपणे विचार केला. "पीथमपूर तेवढं खरं."

मॅडमने रुमाल तोंडाशी नेला, उगाच खोकली. "नोकरी?"

"पक्की. इनचार्ज आहेत."

"हप्ते?"

"वेळेवर. यांचं सगळंच वेळेवर असतं, मॅडम. तेच तर." त्याच्या आवाजात इतकं दुखणं होतं की मॅडमचा खोकला थांबला. ती अरविंदकडे वळली. "हे सगळं ऐकूनही तुम्ही यांच्यासाठी जामीन राहायला तयार आहात? तुमच्यावर काही बंधन नाही. नाही म्हणू शकता."

पंखा फिरत होता. पंढरीनाथच्या डोळ्यांपुढे देव्हाऱ्याच्या जागी गठ्ठे रचले गेले, एकावर एक, थेट छतापर्यंत. अरविंद गोळ्याकडेच बघत होता.

"राहतो," तो म्हणाला.

खाली उतरताना पंढरीनाथने जिन्यावर त्याला गाठलं. "अरविंदराव, का राहिलात?"

अरविंदने कठड्यावर हात ठेवला. "दादा, मिलमधे माझा एक गठ्ठा तुमच्या सहीशिवाय बाहेर गेला नाही. मी घाम गाळून बांधायचा, आणि तुम्ही लाल रेघ मारून परत सोडायला लावायचे. वाटायचं, एकदा या माणसाचं काहीतरी माझ्या सहीसाठी अडावं." तो थोडा हसला. "अडलं."

ही माया म्हणावी की उट्टं? पंढरीनाथला शेवटपर्यंत उलगडलं नाही. लाल रेघ ओढायला बोट शिवशिवत होतं, पण नेमकं कुठे ओढायची ते सापडेना.

चेक निघाला. पांडुरंगकाकांनी सह्या केल्या आणि रिक्षात बसून स्टेशनला गेले. पंढरीनाथ जिन्याखाली उरलेली फी द्यायला गेला तेव्हा उदयसिंहने नोटा मोजून शंभराची एक बाजूला काढली. "ये आपकी. ये मेरे से नहीं पचेगी."

"रखो."

"अरे भिया, अब किस से जलना है?"

"रखो बोला ना," पंढरीनाथ म्हणाला. एवढं सगळं होऊनही अरविंदइतकेच पैसे देऊन घर घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला दोघं आली, कुमुदिनी आणि अरविंद. सुनंदाने पुऱ्या केल्या होत्या, बाहेरून जलेबी आणली होती. कुमुदिनी अजून जिजाजींशी नीट बोलत नव्हती. सोनं त्याच्या हातात देताना, "टॉवेल नवीन आणलाय हो मी," एवढं टोचून गेली. पंढरीनाथने निमूट ऐकून घेतलं.

बाहेर ऊन चांगलंच होतं. अरविंद भिंतीला टेकून बसला. हातभर जाडीच्या जुन्या भिंती, वर लाकडी आढी. त्याने पाठ भिंतीला लावली, डोळे मिटले, परत उघडले. तळहात भिंतीवर ठेवून पाहिला.

"किती गार आहे हो इथे, दादा," तो म्हणाला. "आमच्याकडे संध्याकाळपर्यंत भिंती पेटलेल्या असतात. सिमेंट ते सिमेंट. कुमुदला म्हटलं होतं, जुनं घर बघू म्हणून." आणि त्याने खोलीवरून एक नजर फिरवली. दाराच्या चौकटीवरून, कोनाड्यावरून, वरच्या आढ्यांवरून, आणि मग परत भिंतीवर आणून ठेवली.

पंढरीनाथने ती नजर पाहिली. कापडावरून बोट फिरवताना धागा लागावा तशी ती त्याला लागली. अशी नजर त्याच्या ओळखीची होती. सुदामानगरात बाथरूमच्या दारात उभं राहून त्याने स्वतः ती कितीदा फिरवली होती. त्याच्या पोटातलं, वास्तुशांतीपासून अडकून बसलेलं, हळूहळू खाली उतरलं.

"सुनंदा," त्याने आत पाहून मोठ्याने हाक मारली, "अगं, अरविंदरावांना आणखी जलेबी वाढ. दोन वाढ!"